पाळण्याजवळचा कान

तळेगाव दाभाडे येथील जुन्या बाजारपेठेत ‘खाली दुकान, वर बिऱ्हाड’ अशी घरे आजही आढळतात. पूर्वी अशा घरात तान्हे बाळ रडू लागले, की आजी, काकू किंवा आत्या यांपैकी कोणीतरी तत्काळ पाळण्याशी पोहोचत असे. आता घरातील माणसे मोजकी झाली आहेत. सूनही दुकानाचा हिशेब सांभाळते. सूर्यास्तापूर्वीच्या जेवणाची घाई आणि गिऱ्हाइकांची वर्दळ एकाच वेळी येते. अशा वेळी वरच्या मजल्यावरील रडणे खाली ऐकू येत नाही. म्हणून बेबी मॉनिटरचा विचार होऊ लागतो.

हे साधन तसे जुनेच. १९३२ मध्ये अमेरिकेत वैमानिक लिंडबर्ग यांच्या बाळाचे अपहरण झाले. त्या धास्तीतून झेनिथ कंपनीच्या प्रमुखांनी असे यंत्र करविले. १९३७ मध्ये शिल्पकार इसामू नोगुची यांनी रेखाटलेली ही ‘रेडिओ नर्स’ घरातील विजेच्या तारांमधूनच आवाज पोहोचवीत असे.

आज मुख्यतः तीन प्रकार मिळतात : केवळ आवाज ऐकविणारा संच, स्वतःच्या पडद्यावर चित्र दाखविणारा संच आणि इंटरनेटवरून मोबाइलवर दिसणारा कॅमेरा.

पेठेतील एका कुटुंबात मुलाने तिसरा प्रकार पसंत केला. गल्ल्यावर बसलेल्या आजोबांना आणि पुण्याच्या काकांनाही बाळ दिसावे, हा त्याचा हेतू. सून मात्र गप्प होती. सासूबाईंनी विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, “आई, बाळ सर्वांना दिसेल, पण त्याला पाजताना मीही दिसेन.” सासूबाईंनी ही गोष्ट आपल्या शब्दांत सासऱ्यांच्या कानी घातली. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “खातेवही आपण कोणालाही उघडून दाखवीत नाही. मग सुनेची खोली का दाखवावी?” घरात आवाजाचा संच आला.

ज्यांना कॅमेराच हवा असेल, त्यांनी कंपनीने दिलेला पासवर्ड प्रथम बदलावा आणि तो पाहण्याची मुभा कोणाकोणाला, हे बाळाच्या आईला विचारूनच ठरवावे. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून संदेश पोहोचतो का, हे घरी तपासून पाहावे; न पोहोचल्यास परत घेण्याची अट दुकानदाराशी आधीच बोलून घ्यावी. मावळच्या पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा दोन्ही भाग बॅटरीवर चालणारे असावेत. परदेशातून भेट आलेला संच आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर चालतो, याची खात्री करावी. वायर पाळण्यापासून किमान एक मीटर दूर ठेवावी. यंत्र असले तरी बाळाला उताणेच निजवावे; श्वासाची राखण या साधनावर सोपवू नये.

आणि खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट घरात ठरवावी : ते वाजल्यावर उठायचे कोणी? ते काम दरवेळी सुनेवरच येणार असेल, तर तिच्या शिणात यंत्राने काहीच उणे होणार नाही.