डंडॉक ते न्यूरी : न दिसलेली सरहद्द

डब्लिनच्या कॉनोली स्टेशनातून बेलफास्टला जाणारी गाडी पकडण्याआधी मी पासपोर्टवरचा व्हिसा पुन्हा पाहून घेतला. आयर्लंड हा स्वतंत्र देश, उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग. पण व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ ही अक्षरं असली, की भारतीय माणसाला एकाच व्हिसावर दोन्हीकडे फिरता येतं.

द्रोहेडाला बॉइन नदीवरचा उंच पूल लागला. पुढे डंडॉक. तिथे चढलेले एक आजोबा समोर बसले. राहायला डंडॉकला, नोकरी जन्मभर न्यूरीत. म्हणजे रोज दोन देश.

“सरहद्द आली की सांगा हं,” मी म्हटलं.

“गेली की,” ते म्हणाले.

बाहेर तीच कुरणं, त्याच मेंढ्या. माझ्या फोनवर मात्र नव्या नेटवर्कचा संदेश आला होता. आजोबांनी पश्चिमेकडचे डोंगर दाखवले. एकेकाळी तिथे ब्रिटिश सैन्याचे टेहळणी मनोरे होते. कस्टमची नाकी 1993 मध्ये युरोपची बाजारपेठ एक झाली तेव्हाच उठली. मनोरे उतरले ते 1998 च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर, तेही सावकाश. त्या करारावर दोन्हीकडे सार्वमत झालं होतं. उत्तरेत 71 टक्के लोक ‘हो’ म्हणाले, दक्षिणेत 94.

मग 23 जून 2016 ला ब्रेक्झिटचं सार्वमत आलं. युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं? उत्तर आयर्लंडातल्या 55.8 टक्के मतदारांनी ‘राहायचं’ म्हणून सांगितलं. पण मोजणी सगळ्या ब्रिटनची एकत्र, आणि तिथे 51.9 टक्के लोक ‘बाहेर’ म्हणाले. सुमारे 500 किलोमीटरची ही सरहद्द त्यामुळे युरोपीय संघाची हद्द ठरली. लंडनमधल्या प्रचारात तिची आठवण फारशी कुणी काढली नव्हती.

बाहेर पडण्याच्या अटींवर पुढे जी घासाघीस झाली, तीत आयर्लंडच्या बाजूला पंतप्रधान लिओ वराडकर होते. वडील मुंबईचे, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ऑक्टोबर 2019 मध्ये त्यांची आणि ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांची लिव्हरपूलजवळ भेट झाली आणि अडलेली बोलणी पुढे सरकली. गृहस्थ जन्माने डब्लिनचे, तरी मला उगाचच बरं वाटलं. कोकणी माणूस बांधाच्या भांडणात मुरलेला असतो, हे मी आजोबांना सांगितलं नाही.

तोडगा निघाला तो असा : जमिनीवर तपासणी नको, ती समुद्राकडे न्या. ब्रिटनमधून येणाऱ्या मालाची कागदपत्रं आता बेलफास्ट आणि लार्नच्या बंदरांत पाहिली जातात. आपल्याच देशातून आलेल्या मालाला आपल्याच देशात कागद दाखवायचे, याचा ब्रिटनवादी लोकांना संताप आहे, आणि तो मला समजतो. बेलफास्टच्या दुकानात चीजच्या पाकिटावर मी पुढे ‘नॉट फॉर ईयू’ असं छापलेलं पाहिलं.

न्यूरीजवळ अठरा कमानींचा क्रेगमोर पूल दिसला, तसे आजोबा उठून कोट घालू लागले. गुड फ्रायडे करारातच आणखी एका सार्वमताची सोय आहे : उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला मिळायचं. ब्रेक्झिटपासून ती चर्चा पुन्हा वाढली आहे. “आयर्लंड एक व्हावं का, असं तुम्हाला विचारलं तर?” मी म्हटलं.

“नंतर काय होणार तेही त्याच कागदावर छापलंय का, ते आधी बघेन,” ते म्हणाले आणि दाराकडे निघाले.