धावणं सोपं, मागणं अवघड

मोठ्या आजारातून उठलेल्या माणसाला आपल्याकडे सल्ल्यांची वानवा नसते. दगदग करू नकोस, जिने चढू नकोस, गार खाऊ नकोस! सगळे मायेपोटीच सांगतात, मग राग तरी कुणाचा धरायचा? स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपवून मी विश्रांतीसाठी माहेरी, भिलाईला आले, तेव्हा आई मला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हती. अशा घरात मी एके दिवशी जाहीर केलं, "येत्या जानेवारीत मुंबईच्या मॅरेथॉनमध्ये दहा किलोमीटर धावणार आहे. त्या निमित्तानं कर्करोगाच्या गरीब रुग्णांसाठी पैसे जमवणार आहे."

आईची पोळी तव्यावरच करपली. बाबा मात्र शांतपणे म्हणाले, "धावायचं तर डॉक्टरांना विचारून धाव. पण लोकांपुढे हात पसरू नकोस."

धावण्याचा प्रश्न त्या मानानं लवकर सुटला. केमोथेरपीच्या काही औषधांचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांनी आधी टू-डी इको करायला लावला. शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताला सूज येते का, यावर लक्ष ठेवायला सांगितलं आणि मग म्हणाले, "घरात बसून राहू नका, हळूहळू वाढवा." पूर्वी कर्करोगाच्या रुग्णाला पडून राहायला सांगत, आता तो काळ गेला. जून २०२५ मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ८८९ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ज्यांच्याकडून केमोथेरपीनंतर तीन वर्षं मार्गदर्शनाखाली नियमित व्यायाम करून घेतला, त्यांच्यात आजार उलटण्याचं प्रमाण कमी आढळलं आणि आयुर्मानही वाढलेलं दिसलं.

धावायला भिलाईसारखं गाव नाही. रशियाच्या मदतीनं पोलाद कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याच्याबरोबर हे गावही आखून वसवलं गेलं. सेक्टरांमधले सरळ रुंद रस्ते, दुतर्फा झाडं. पहाटे सुरुवात केली ती एक मिनिट धावायचं आणि तीन मिनिटं चालायचं, अशी. सकाळच्या पाळीला निघालेले कामगार वळून बघायचे. डोक्यावर जेमतेम उगवलेले केस आणि मागे शाल घेऊन भरभर चालणारी आई, असं ते दृश्य होतं! तीन महिन्यांनी मी न थांबता पाच किलोमीटर धावू लागले.

खरी अडचण होती ती पैसे मागण्याची. बाबांनी पस्तीस वर्षं कारखान्याच्या रेल मिलमध्ये काढली. देशभरच्या गाड्या ज्या रुळांवरून धावतात ते घडवणारा हा माणूस; पण शेजाऱ्याकडून कधी शंभर रुपये उसने आणलेले आम्ही पाहिले नाहीत. मध्यमवर्गीय मराठी घरातलं हे बाळकडूच. द्यावं, पण मागू नये.

मी त्यांना टेरी फॉक्सची हकीकत सांगितली. कॅनडातला हा तरुण. १९७७ साली हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून तो देशाच्या पूर्व टोकापासून पश्चिमेकडे धावत निघाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन! मागणं एवढंच, की कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक कॅनडावासीयानं एक डॉलर द्यावा. १४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. मग आजार फुप्फुसात पसरल्याचं कळलं आणि १ सप्टेंबरला त्याला थांबावं लागलं. २८ जून १९८१ रोजी, बावीसाव्या वर्षी तो गेला. समुद्राचं दुसरं टोक त्यानं गाठलं नाही. पण त्या फेब्रुवारीपर्यंत सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर जमले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतके!

बाबा म्हणाले, "तो मोठा माणूस. आपण कोण?"

तेव्हा मी त्यांना दादरची आठवण करून दिली. दुर्गला गाडीत बसून आम्ही परळच्या टाटा रुग्णालयात गेलो, तेव्हा मुंबईत महिनोन् महिने राहायचं कुठे, हा पहिला प्रश्न होता. सोय झाली ती दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत. गाडगेबाबांनी जन्मभर मागितलंच की! कीर्तनातून मागितलं आणि पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःजवळ ठेवलं ते फुटकं गाडगं आणि चिंध्यांचे कपडे. त्यांच्या नावानं चालणाऱ्या छपराखाली मी झोपले, बाबाही झोपले. "बाबा, आपल्यासाठी कुणीतरी आधीच मागून ठेवलं होतं," मी म्हटलं.

त्या रात्री ते काही बोलले नाहीत. धर्मशाळेत आमच्या शेजारी गोंदियाकडची एक बाई होती. केमोच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी व्हरांड्यात फेऱ्या मारायचो. ती पुढे वाचली नाही. बाबांना ती 'काका' म्हणायची. त्यांना तीच आठवली असावी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी डायरी काढली. रेल मिलमधले त्यांचे सोबती, कुणी बंगाली, कुणी तेलुगू, कुणी मल्याळी, कुणी छत्तीसगढी. एकेकाला त्यांनी स्वतः फोन लावला. "बेटी दौड़ रही है, बीमारों के लिए," इतकंच बोलायचे आणि घसा साफ करायचे. पैसे आमच्या हातात येणारच नव्हते. २००४ साली सुरू झालेल्या या मॅरेथॉनच्या देणग्यांचं काम २००९ पासून युनायटेड वे मुंबई ही संस्था पाहते. धावणाऱ्यानं यादीतली एक संस्था निवडायची. देणगी तिच्यासाठी जाते आणि पावती देणाऱ्याच्या नावे निघते. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार. निवृत्त झालेल्या एका काकूंनी एकशे एक रुपये दिले. बाबांनी सगळ्यांच्या नावापुढे सारख्याच आकाराची बरोबरची खूण केली.

जानेवारीतल्या त्या रविवारी मी दहा किलोमीटर पुरे केले, शेवटचे दोन चालत. वेळ सांगण्यासारखी नाही.

आजारातून उठलेल्या प्रत्येकानं धावलंच पाहिजे, असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांना खाटेवरून खिडकीपर्यंत जाणं हीच शर्यत आहे, त्यांची हिंमत माझ्यापेक्षा तसूभरही कमी नाही. धावायचं असेल तर आधी तपासणी करा, सावकाश वाढवा, दुखलं की थांबा. आणि मागायचं असेल तर संस्था पारखून घ्या, हिशेब उघडा ठेवा, 'नाही' म्हणणाऱ्यावर रुसू नका. उपचारांच्या काळात ज्यांनी मला आधार दिला, त्यांतल्या निम्म्या लोकांची नावंही मला ठाऊक नाहीत. त्यांची परतफेड होणं शक्य नाही. पण आज टाटाच्या रांगेत उभं असलेल्या एखाद्या अनोळखी बाईपर्यंत त्यातलं थोडं तरी पोचवता येतं. त्यासाठी मागावं लागलं, तर त्यात लाज कसली?

बाबांची डायरी आता टेलिफोनशेजारीच असते. पुढच्या वर्षीची नावं लिहायला त्यांनी सुरुवातही केली आहे.