आधी पंप की आधी गाडी?

आमच्या भाचीकडे कॅलिफोर्नियात हायड्रोजनवर चालणारी गाडी आहे, मिराई. जपानी भाषेत मिराई म्हणजे भविष्यकाळ. (बारसं करणाऱ्याला दाद द्यायला हवी!) टाकीत ७०० बार दाबाचा हायड्रोजन भरायचा, पाचेक मिनिटांचं काम. आत हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग होऊन वीज तयार होते, त्यावर मोटर फिरते आणि मागून बाहेर पडतं फक्त पाणी. ऐकूनच गार वाटतं.

घोडं अडलंय ते पंपाशी. कॅलिफोर्निया सरकारने २०१३ साली कायदा केला, की निदान १०० पंप होईपर्यंत वर्षाला २ कोटी डॉलरपर्यंत पैसा द्यायचा. २०१५ पासून ही गाडी तिथे विकायला आली. पंपांचं शतक काही झालं नाही. उलट २०२४ साली एका बड्या तेल कंपनीने मोटारींसाठीचे तिथले आपले सगळे पंप बंद केले. किलोचा भावही काही पंपांवर ३६ डॉलरला भिडला. टाकीत साडेपाच किलो मावतो, म्हणजे करा हिशोब! भाची आता सहलीचं ठिकाण ठरवण्याआधी वाटेतला पंप चालू आहे ना, ते बघते.

गाड्या थोड्या म्हणून पंप परवडत नाही, पंप नाही म्हणून गाडी कोणी घेत नाही. बरं, हा पंप म्हणजे काही डिझेलचा हौद नव्हे. आपल्या सीएनजीचा दाब २०० बारच्या आसपास, याचा ७००. शिवाय भरताना वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करावा लागतो. एवढी नाजूक यंत्रं, ती बिघडायचीच.

मला विचाराल तर सुरुवात मोटारीपासून करूच नये, बस आणि ट्रकपासून करावी. एस.टी. कशी, कुठेही फिरली तरी डेपोत येते आणि डेपोतल्याच पंपावर डिझेल भरते. रोजचं गिऱ्हाईक ठरलेलं, मग पंप ओस पडायची भीती नाही.

आपल्याकडे मार्च २०२५ मध्ये केंद्र सरकारने प्रायोगिक म्हणून ३७ बस-ट्रक आणि ९ पंप एकत्रच मंजूर केले, हे मला शहाणपणाचं वाटलं. मार्गांच्या यादीत पुणे-मुंबईसुद्धा आहे. फक्त हायड्रोजन कुठून आणणार, हे बघायला हवं. जगात तो आजही बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासूनच काढतात. तसाच इथेही आणला तर धूर बोरघाटातून उठून कारखान्याच्या धुराड्यात जाईल, इतकंच.