पाणी कुणी तोडलं?

डेन्व्हरमध्ये मुलीच्या ओळखीतल्या एका मराठी घरी जेवायला गेलो होतो. जेवणं झाल्यावर मी फोर्ट रॉबिन्सनची हकीकत सांगायला घेतली. ती निम्मी झाली असेल नसेल, तेवढ्यात समोरचे गृहस्थ म्हणाले, "अहो काका, नियम म्हणजे नियम. सरकारनं परत जा म्हटलं की मुकाट जायचं. एवढा हट्ट कशाला करायचा?" दोघातिघांनी माना डोलावल्या आणि बोलणं घरांच्या किमतींवर गेलं. परक्या घरी वाद नको म्हणून मी गप्प बसलो. ते गप्प बसणं मला अजून पचलेलं नाही, म्हणून ती हकीकत इथे पुरी करतो.

माउंट रशमोअर बघायला म्हणून आम्ही निघालो होतो. जावईबापूंना माझी किल्ल्यांची हौस ठाऊक, म्हणून त्यांनी वाटेत दोन लष्करी ठाणी घेतली होती. पहिलं वायोमिंगमधलं फोर्ट लारामी. मूळचं ते १८३४ सालचं कातड्यांच्या व्यापाऱ्यांचं ठाणं. १८४९ मध्ये लष्करानं ते ४,००० डॉलरला विकत घेतलं. गाडीतून उतरलो आणि आधी तट शोधला. तट नव्हताच. बुरूज नाही, खंदक नाही, दिंडी दरवाजा नाही. मधे कवायतीचं मैदान आणि भोवती इमारती, बस. मला वाटलं, पडला असेल. तर पश्चिमेकडच्या बहुतेक ठाण्यांना तट बांधलेलाच नव्हता. लाकडी कुंपणाचे किल्ले सिनेमात दिसतात तसे थोडेच होते. गवताळ मैदानातल्या टोळ्या सहसा लष्करी ठाण्यावर चाल करून यायच्या नाहीत, आणि ठाणं होतं ते रस्ते, तारायंत्र आणि आदिवासींना शिधा वाटणाऱ्या सरकारी कचेऱ्या यांच्यावर नजर ठेवायला. म्हणजे ही आपल्याकडच्या गडांसारखी जागा नव्हेच. इथून कारभार चालायचा. हे कळल्यावर माझा जरा विरसच झाला.

संध्याकाळी नेब्रास्कात क्रॉफर्ड गावाजवळ फोर्ट रॉबिन्सनला पोचलो. हे ठाणं १८७४ चं. आता तिथे राज्याचं उद्यान आहे. अधिकाऱ्यांची जुनी घरं पर्यटकांना भाड्यानं देतात, आम्हीही त्यातल्याच एका घरात उतरलो होतो. सैनिकांच्या १९०९ सालच्या बराकीत लॉज आहे. मुलांना घोड्यावरून फेरी मिळते. मागे पांढुरक्या सुळक्यांची रांग आहे, जागा फार देखणी. १८७७ च्या सप्टेंबरात लकोटा जमातीचा म्होरक्या क्रेझी हॉर्स इथेच संगिनीनं भोसकला गेला, हे मला माहीत होतं. शायेन या दुसऱ्या आदिवासी जमातीचं मात्र काही माहीत नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी संग्रहालयात कळलं.

थोडक्यात असं. उत्तरेकडचे शायेन १८७७ मध्ये शरण आले तेव्हा नऊशेहून अधिक लोकांना सरकारनं दक्षिणेला, आताच्या ओक्लाहोमात नेऊन सोडलं. तिथे हिवताप आणि अपुरा शिधा. माणसं मरू लागली. सप्टेंबर १८७८ मध्ये तीनशेच्या वर लोक डल नाइफ आणि लिटल वुल्फ या दोन म्होरक्यांबरोबर उत्तरेकडे, आपल्या मुलखाकडे पायी आणि घोड्यांवर निघाले. मागे फौज. नेब्रास्कात दोघे वेगळे झाले. डल नाइफबरोबरचे १४९ जण ऑक्टोबरात पकडले गेले आणि त्यांना रॉबिन्सनला एका रिकाम्या बराकीत ठेवलं. त्यात ४६ पुरुष, बाकी बायका आणि मुलं.

बराकीत सुरुवातीला सगळं ठीक चाललं होतं म्हणे. शिधा मिळायचा, दिवसा बाहेर फिरायची मोकळीक असायची. ३ जानेवारी १८७९ ला त्यांना सांगण्यात आलं की दक्षिणेला परत जायचं. डल नाइफनं नकार दिला. इथेच मरू, पण तिकडे जाणार नाही, असा त्याचा अर्थ होता. मग ठाण्याचा प्रमुख कॅप्टन हेन्री वेसेल्स यानं त्यांचा शिधा आणि सरपण बंद केलं. जानेवारीतलं नेब्रास्का, बाहेर बर्फ. तरी ते नमले नाहीत, तेव्हा पाणी बंद केलं. खिडक्यांवर साचलेलं हिव खरवडून मुलांच्या तोंडात घालत होते.

मी पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं. पाणी बंद करण्याचे हुकूम मी वाचलेत, राबवलेतही. शेतीचं आवर्तन बंद होतं, चारीचं दार पाडून कुलूप लागतं, लोक शिव्या घालतात. पण आधी पिण्याचं पाणी राखून ठेवायचं, मग बाकीचं. आमच्यातला सगळ्यात खडूस साहेबसुद्धा याच्या आड आला नाही. त्यामुळे बराकीच्या जागेपासून नदीपर्यंत चालत गेलो तेव्हा डोकं फिरलं. व्हाइट रिव्हर फार लांब नाही. पाणी तिथेच होतं. टंचाई नव्हती, दुष्काळ नव्हता. कोंडलेल्या पोरांना तहानेनं वाकवायचं, एवढाच हेतू.

९ जानेवारीला वाइल्ड हॉग या त्यांच्या प्रमुख माणसाला बोलणी करायला म्हणून बाहेर काढून बेड्या घातल्या. त्याच रात्री शायेनांनी फरशीच्या फळ्या उचकटल्या. पकडले गेले तेव्हा बायकांनी बंदुकांचे सुटे भाग कपड्यांत लपवून आणले होते, काही भाग तर पोरांच्या अंगावर दागिन्यांसारखे अडकवले होते. ते जोडून काही जुनाट हत्यारं तयार झाली. पुरुषांनी पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि सगळे खिडक्यांतून बाहेर पडले. काही तरुण मागे थांबून फौजेला अडवत राहिले, म्हणजे मरत राहिले. बाकीचे बर्फातून नदीकडे पळाले. सांगतात की नदीशी पोचल्यावर, मागून गोळ्या येत असताना, कितीतरी जण पाणी प्यायला ओणवे झाले. या ओळीशी मी थांबलो. मुलगी म्हणाली, "बाबा, चला आता, रशमोअरला उशीर होईल." मी म्हटलं, होऊ दे.

पाठलाग पुढे जवळजवळ दोन आठवडे चालला. २२ जानेवारीला शेवटच्या ३२ जणांना अँटलोप क्रीकच्या काठी एका खळग्यात गाठलं आणि त्यातले बहुतेक मारले. एकंदर ६० हून अधिक शायेन गेले, ११ सैनिक गेले. डल नाइफ मात्र घरच्या काही माणसांना घेऊन निसटला आणि पाइन रिजला लकोटांच्या आश्रयाला पोचला.

आता वेसेल्सबद्दल. पहिल्या दिवशी मला त्याच्याइतका नीच माणूस कुणी वाटला नाही. नंतर जरा वाचलं. परत पाठवण्याचा आग्रह वरचा होता. जनरल शेरिडनचं म्हणणं असं की यांना सोडलं तर राखीव प्रदेशांची सगळी व्यवस्थाच डळमळेल. शिकागोत बसलेला तो साहेब, वॉशिंग्टनमधलं अंतर्गत व्यवहार खातं आणि मधल्या मधे जनरल क्रूक, यांच्या कागदांखाली हा कॅप्टन. हाताखालचे सैनिक महिना १३ डॉलरवर राबणारे, त्यांतले बरेच नुकते आलेले आयरिश आणि जर्मन. १८७१ मध्ये पगार १६ चा १३ केला तेव्हा त्या एका वर्षात जवळजवळ तिसरा हिस्सा फौज पळून गेली होती. लाकडं फोडायची, खंदक खणायचे, खारवलेलं डुकराचं मांस नि घेवडा खायचा, हे त्यांचं आयुष्य. त्यांचीही कीव येते.

आणि शायेनही धुतल्या तांदळासारखे नव्हते. उत्तरेकडे येताना कॅन्ससमध्ये त्यांच्यातल्या काहींनी सुमारे ४० वस्तीकऱ्यांना मारलं. त्या घरांतल्या बायकापोरांना काय वाटलं असेल? हे मी त्या जेवणाच्या घरी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या गृहस्थांना आणखी जोर आला असता. इथे सांगतो, कारण लपवण्यासारखं त्यात काही नाही. ज्यांनी मारलं त्यांच्यावर खटला भरता येतो. पुढे सात जणांवर भरलाही, पण साक्षीदारांअभावी तो काढून घेतला. ४२ मुलांचं पाणी तोडणं हे कुठल्या खटल्याचं कलम?

हुकूम वरून आला हे मला मान्य आहे. परत पाठवा, असा. पण नळ फिरवणारा हात नेहमी खालच्या माणसाचा असतो, आणि कसा फिरवायचा हे त्यालाच ठरवावं लागतं. अन्नपाणी तोडण्याची वाट वेसेल्सनं निवडली. त्याला अशक्य कोटीतलं काम दिलं होतं, म्हणून मी त्याची बाजू थोडी समजू शकतो. तेवढीच.

हट्टाचं म्हणाल तर लिटल वुल्फचं काय झालं ते ऐका. तोही त्याच वाटेनं पळालेला, त्याच हुकुमाचा गुन्हेगार. हिवाळा लपून काढून तो मार्च १८७९ मध्ये शरण आला. त्याला आणि त्याच्या माणसांना मोंटानात फोर्ट किओला नेलं, कुणी दक्षिणेला धाडलं नाही. उलट लष्करानं त्यांच्यातल्या काहींना वाटाडे म्हणून नोकरीला ठेवलं. म्हणजे डल नाइफची माणसं जे मागत होती ते देता येत होतं. दोनच महिन्यांनी, त्याच लष्कराला, दुसऱ्या ठाण्यात.

सुट्टीत रशमोअरला जाणारी मराठी मंडळी खूप आहेत. एक दिवस जास्त काढा आणि रॉबिन्सनला थांबा. मुलांना घोड्यावर बसवा, जरूर बसवा, पण त्याआधी त्यांना बराकीपासून नदीपर्यंत चालवत न्या. आणि कुणी म्हणालंच की हुकूम पाळायला हवा होता, तर त्याला एवढंच सांगा: १८८४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून उत्तरेकडच्या शायेनांना मोंटानातच राखीव प्रदेश दिला, आणि ते आजही तिथेच राहतात.