बांधावरचा कडुनिंब

वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की आमच्या बेळगावकडच्या शेतांत दिवेलागणीला जमिनीतून भुंगेरे निघतात. तांबूस-तपकिरी रंग, लांबी जेमतेम पाऊण इंच, पाठ कडक. मिशांच्या टोकाला बारीक पाती असतात, पंख्यासारखी उघडणारी-मिटणारी. लहानपणी मी तो तळहातावर घ्यायचे. काटेरी पायांनी गुदगुल्या व्हायच्या. ऊस खाणारी हुमणी ती हीच, हे कित्येक वर्षं मला ठाऊकच नव्हतं.

शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, तमिळनाडू, सगळीकडे याचा वावर. राजस्थान-गुजरातेत भुईमुगाच्या मुळावर उठते ती याच्या भाऊबंदांपैकी दुसरी जात. आमच्या भागात माणसं हद्दीवरून सत्तर वर्षं भांडतायत, पण हा चंदगडातही आहे आणि बेळगावातही.

भुंगेरे रात्री कडुनिंबावर, बाभळीवर जमतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं आणि पहाटेपूर्वी परत मातीत जातात. मादी मातीत अंडी घालते. त्यातून निघालेली पांढरी, वाकडी अळी पावसाळाभर मुळं कुरतडते. ऑगस्टमध्ये ऊस पिवळा पडतो, ओढला की अलगद हातात येतो. तेव्हा फार उशीर झालेला असतो. सोपा उपाय वळवातल्या त्या मोजक्या रात्रींचाच: फांद्या हलवायच्या, पडलेले भुंगेरे वेचून रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकायचे. पण एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या झाडावरचे आपल्या रानात उतरतातच.

आमचा कडुनिंब नेमका बांधावर. बांध कुणाचा यावरून पप्पा आणि चुलतकाका चार वर्षं बोलत नाहीत. रविवारी मिस्सात शांती द्यायची वेळ आली की दोघं आपापल्या पुढच्या बाकाकडे वळतात. झाड कुणाचं ते ठरत नाही, म्हणून ते कुणी हलवतही नाही. गेल्या वर्षी दोन्हीकडचा ऊस गेला. माझी फी उसाच्या बिलातून भरायची होती, ती आईच्या बांगड्यांवर भरली.

यंदा मे महिन्यात पाऊस पडला, तेव्हा मी सुट्टीवर घरी होते. पप्पांना न विचारता बादली घेतली आणि निघाले. झाडाखाली पोचते तर पलीकडून बॅटरीचा उजेड. चुलतभाऊ होता. त्याच्याही हातात बादली.

"तू कशाला आलीस गं?"

"तू कशाला आलास?"

दोघंही हसलो. मग त्यानं फांदी हलवली आणि अंगावर भुंगेऱ्यांचा सडा पडला. दहा वाजेपर्यंत वेचत होतो. बांधाचा विषय निघाला नाही.

घरी आले तर पप्पा ओसरीवर जागे. बादलीत डोकावून म्हणाले, "एवढे?"

"आमच्या बाजूचे एवढेच. त्याची बादली वेगळी."

ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र त्यांनी माळ्यावरून लांब काठीची आकडी काढून दाराशी ठेवली.