पुढचे पाटे

मंडळी, बऱ्याच दिवसांत काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर मी गाडीच्या पाट्यांचा अभ्यास करत होते. हो, हसा! एकतीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईने सत्तरी ओलांडल्यावर करायचा हा उद्योग नव्हे, पण झालं खरं.

राजापूरकडे भावाची आंब्याची बाग आहे, ती आता भाचा बघतो. दर वर्षी मे महिन्यात तो पिकअपच्या हौद्यात पेट्या घालून नाहूरला येतो. यंदा पेट्यांबरोबर वहिनीलाही आणलं, मुलुंडच्या डॉक्टरांना दाखवायला. हाडं ठिसूळ होऊन तिच्या पाठीचा एक मणका दबलाय. गाडी गेटाशी थांबली आणि वहिनीला उतरताच येईना. मी आणि वॉचमनने दोन्हीकडून धरून उतरवलं. "वन्सं, हायवेचं काही नाही हो, घरापासून डांबरीपर्यंतच जीव गेला," म्हणाली. ते अंतर साडेतीन किलोमीटर. सगळा कातळ, आणि मध्ये एक वहाळ. तिथे रिक्षा येत नाही. डॉक्टर म्हणाले, हादरे टाळा आणि महिन्याला तपासणी करा. दोन्ही एकदम कसं करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही!

रात्री जेवताना भाच्याने बेत सांगितला. पुढचं अख्खं सस्पेन्शन बदलायचं, आणि त्यासाठी आत्याने एक एफडी मोडायची. आमच्या पेशात सस्पेन्शन म्हणजे निलंबन, ते शिक्षकाचं होतं. गाडीचं काय असतं ते त्याने पोळपाटावरचं लाटणं उचलून दाखवलं.

लाटणं म्हणजे अखंड अॅक्सल, दोन टोकांना दोन चाकं. एक चाक दगडावर चढलं की सगळं लाटणं तिरकं होतं, म्हणून एका बाजूचा धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचतो. हे धूड पाट्यांवर टांगलेलं. त्याची गाडी अशीच आहे, जुनी फोर बाय फोर, पुढेमागे पाटेच. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक चाकाला आपापले दांडे आणि आपापली स्प्रिंग. उजवं चाक खड्ड्यात गेलं तरी डाव्याला फारसा पत्ता नसतो. बसणाऱ्याला सुख. त्याला हेच हवं होतं, तेही दुसऱ्या गाडीचं काढून या गाडीला बसवून.

मग मी वाचायला घेतलं (सवय जात नाही). महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईत विलिस जीप जोडायला सुरुवात केली, तेव्हापासून आपल्याकडची जीप म्हणजे पुढेमागे पाटे. पुढे २०१० च्या थारला पुढच्या बाजूला टॉर्शन बार आला, म्हणजे पिळ खाणारी लांब पोलादी कांब, आणि २०२० च्या थारला कॉइल स्प्रिंग. पण लाटणं काही अडाणी नाही बरं का. २०२३ मध्ये इथे आलेल्या मारुतीच्या जिम्नीला पुढेमागे अखंड अॅक्सलच आहेत, फक्त पाट्यांऐवजी कॉइल. दगडाधोंड्यांत अखंड अॅक्सलचा एक गुण असा, की चाक वर गेलं की मधला डिफरन्शियलचा गोळाही चाकाबरोबर वर जातो. सुट्या चाकांच्या गाडीत स्प्रिंग दबली की गाडीचं पोट खाली येतं. शिवाय बॉलजॉइंट, रबरी बुश, अॅक्सलवरची रबरी टोपणं, किती गोष्टी सांभाळायच्या! पाटा तुटला तर राजापुरात बदलून मिळतो.

कायदाही आडवा आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. उद्या अपघात झाला आणि विमेवाल्याने बोट ठेवलं तर? भाचा फुरंगटला. "मग नवीच घेऊ," म्हणाला. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स, दोन्ही पिकअपना पुढे सुटी चाकं, कॉइल स्प्रिंग. पण मला दिसलं ते वेगळंच. मागे दोन्हींना पाटेच! असं का, हे काही लक्षात येईना.

ते कळलं भांडुपला, लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या एका पाटेवाल्याकडे. नुसतं दाखवू तरी, म्हणून मी भाच्याला ओढून नेलं. म्हातारा गडी गाडीखाली शिरला, बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "बाई, माल मागे बसतो. पुढे इंजिन आणि माणसं. पुढे एवढे पाटे कशाला? हा एक जादा कुणी घातला?"

भाचा गप्प. चार वर्षांपूर्वी वहाळात बंपर आपटायचा, म्हणून यानेच पुढचं तोंड उचलायला एकेक पाटा जादा घातला होता. आणि त्या पाट्यांवर त्याची आई बसून आली होती. त्याचा चेहरा बघवेना. मी उगीच समोरच्या दुकानाची पाटी वाचत राहिले.

पुढचं काम तसं साधंच. जादा पाटे काढले, उरलेले सुटे करून गंज घासला, ग्रीस भरलं. आत गंज चढला की पाटे एकमेकांवर सरकत नाहीत, सगळा जुडगा एकाच जाड पट्टीसारखा ताठ होतो. शॅकलचे बुश नवे घातले. शॉकअब्सॉर्बर तर कोरडे ठाक होते, तेही बदलले. टायरमधली हवाही जास्त निघाली, मालाच्या हिशेबाने भरलेली. एफडी मोडावी लागली नाही, पेन्शनमध्ये भागलं. गाडी पुढून दोन बोटं खाली बसली. वहाळाचं काय, असं भाच्याने विचारलं. म्हातारा म्हणाला, "दगड हलव. पहारीने."

गुरुवारी पहाटे निघाले. मी दिवसभर फोनजवळ. संध्याकाळी वहिनीचा फोन आला. उतरताना कुणाला धरावं लागलं नाही म्हणे. "दुखलं हो, नाही असं नाही," म्हणाली, "पण मधे डुलकीसुद्धा लागली. आणि वन्सं, वहाळात बंपर मात्र घासला. तो आता पहार घेऊन तिकडेच गेलाय."