वायरवाली कॅसेट

ज्यांच्याकडे वीस-बावीस वर्षांपूर्वीची गाडी आहे, त्या गाडीत कॅसेटचा टेप आहे आणि गाडीही विकायची नाही नि टेपही काढायचा नाही, अशा मंडळींसाठी हे लिहितो आहे. अशी मंडळी आता फार उरली नसतील. पण जी असतील त्यांना माझ्या खटाटोपाचा उपयोग होईल, असं वाटतं.

नव्या गाड्यांमध्ये हा प्रश्नच उरलेला नाही. ब्लूटूथ लावलं की मोबाईल आणि गाडी आपसात बोलून घेतात. मधल्या काळातल्या गाड्यांना ऑक्सचं भोक असायचं, त्यात वायरची पिन घातली की काम झालं. आमची झेन २००३ सालची. तिला ब्लूटूथ नाही, यूएसबी नाही, ऑक्सही नाही. तिला दोनच गोष्टी कळतात, रेडिओ आणि कॅसेट.

आता गाण्यांची एवढी गरज का पडली, तेही सांगतो. पत्नीला २०२२ पासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिससाठी साताऱ्याला न्यावं लागतं. वाईहून सातारा सुमारे ३५ किलोमीटर. तिथे चार तास, आणि जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. गाडी मीच चालवतो. जाताना ही बोलत असते. मंडईतून काय आणायचं, कुणाच्या घरी लग्न आहे, शेजारच्या मुलाने दहावीनंतर काय घ्यावं, असं सगळं. येताना बोलत नाही. चार तास यंत्राला जोडलेला माणूस उठतो तेव्हा त्याच्या अंगात त्राण नसतं. मी बोललेलंही तिला सोसत नाही. सुरुवातीला लिंबफाट्यापासून पाचवडपर्यंत फक्त इंजिनाचा आवाज ऐकत यायचो. वर्गात छत्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे गप्प बसण्याची मला सवय नाही. ते काही मिनिटांचं अंतर फार लांब वाटायचं.

मग एकदा टेप लावला आणि लक्षात आलं की, दोघंही एकच गाणं ऐकत असली की न बोलता बरोबर राहता येतं. तिला डोळे मिटून पडता येतं आणि मला ती जागी आहे की झोपली हे बोटांवरून कळतं. गाणं आवडीचं असलं की बोटं मांडीवर ताल धरतात.

पण कॅसेटी म्हाताऱ्या झाल्या होत्या. घरात सव्वाशे-दीडशे आहेत, त्यातल्या निम्म्या वाजतात. कुठे फीत ताणलेली, कुठे चिकटलेली, कुठे आवाज विहिरीतून आल्यासारखा. मुलीने पुण्याहून खिशात मावणारा एक एमपीथ्री प्लेअर गाणी भरून पाठवला. मोबाईल असताना हा कशाला, असं मीही तिला विचारलं. तिची दोन्ही कारणं पटली. एक म्हणजे मोबाईलवर गाणं चालू असताना फोन येतो आणि सगळ्याचा विचका होतो. दुसरं कारण आईच्या हाताचं. हिच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे. डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून जी जागा तयार करतात, ती. त्या हाताने ओझं उचलायचं नाही, त्यावर रक्तदाब मोजायचा नाही, तो सतत जपायचा. त्यामुळे उजव्या हाताच्या अंगठ्याने, डोळे न उघडता, चाचपून दाबता येतील अशी बटणं हवी होती. काचेवर बोट फिरवण्याचं काम नको होतं.

गाडीच्या सामानाच्या दुकानदाराचा सल्ला सरळ होता. "काका, हा डबा काढून टाका. दोन-तीन हजारांत ब्लूटूथवाला बसवून देतो." त्याचं काही चुकत नव्हतं. ज्याला नुसती गाणीच ऐकायची आहेत त्याने तेच करावं, असं मीही सांगेन. पण आमच्याकडे एक कॅसेट अशी आहे की, जिच्यासाठी टेप ठेवणं भाग होतं. १९८७ च्या दिवाळीत हिच्या आईच्या ओव्या आम्ही टेप केल्या होत्या. तोवर गावात गिरणी येऊन बरीच वर्षं झाली होती. घरातलं जातं डाळी भरडण्यापुरतं आणि मेतकुटापुरतं उरलं होतं. आई जात्यावर बसल्याशिवाय ओवी म्हणेनात, म्हणून सूपभर हरभरे घेऊन त्यांना बसवलं आणि शेजारी टेप ठेवला. हेमा रायरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, हे मला पुष्कळ नंतर वाचायला मिळालं. आमच्याकडे आहे तो एका बाईचा आवाज, साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू. आई १९९४ साली गेल्या.

तर टेप काढायचा नाही हे ठरलं. उरले दोन मार्ग.

पहिला मार्ग रेडिओचा. एफ.एम. ट्रान्समीटर नावाची अंगठ्याएवढी वस्तू मिळते. ती सिगारेट लायटरच्या भोकात खुपसायची आणि प्लेअरची वायर तिला जोडायची. ती प्लेअरमधलं गाणं अगदी कमी ताकदीने प्रसारित करते आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. म्हणजे आपल्या गाडीपुरतं आपलंच आकाशवाणी केंद्र! एफ.एम.चा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. त्यात जिथे कुठलंच केंद्र लागत नाही अशी मोकळी जागा शोधायची आणि ट्रान्समीटर नि रेडिओ दोन्ही त्या आकड्यावर आणायचे. साताऱ्याचं आकाशवाणी केंद्र १०३.१ वर आहे, तेव्हा त्याच्यापासून लांब राहायचं. वाईत हे छान चाललं.

हायवेवर मात्र गंमत झाली. एफ.एम.चा एक स्वभाव आहे. एकाच आकड्यावर दोन आवाज आले तर तो दोन्हीची खिचडी करत नाही. ज्याचा जोर जास्त त्याला धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ गप्प करतो. आनेवाडीच्या टोलनाक्यावर रांगेत उभे होतो. शेजारी एक मोठी गाडी येऊन थांबली आणि आमचं भावगीत एकदम बंद पडून वरातीचं गाणं सुरू झालं. त्या गाडीतही असाच ट्रान्समीटर असणार आणि आकडाही नेमका तोच. रांग पुढे सरकली तसं आमचं गाणं परत आलं. ही डोळे उघडून हसली. डायलिसिसहून येताना ती त्या दिवशी पहिल्यांदा हसली, म्हणून त्या यंत्राला मी नावं ठेवणार नाही. पण एरवी त्यातून सारखी बारीक खरखर यायची, आणि दमलेल्या माणसाच्या कानाला तीही पुष्कळ होते.

दुसरा मार्ग कॅसेटचा. हा मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवला. त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. शाळेत हा शेवटच्या बाकावर असायचा आणि प्रश्न विचारला की छताकडे बघायचा. त्याने कपाटातून एक कॅसेट काढली. दिसायला कॅसेटसारखी कॅसेट, पण आत फीत नाही आणि कडेतून एक वायर बाहेर आलेली. एके काळी खिशातला वॉकमन किंवा पोर्टेबल सीडी प्लेअर गाडीला जोडायला लोक हीच घेऊन जात.

"सर, टेपचं हेड फीत ओळखत नाही," तो म्हणाला. "त्याला फक्त चुंबकातला फरक कळतो."

मग त्याने जे समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली ही छोटी कॅसेट आणली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरपेक्षाही अरुंद, आणि ती सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या संथ चालीने हेडसमोरून सरकते. फितीवर गाणं नसतंच. असते ती चुंबकीय भुकटी, कुठे कमी तर कुठे जास्त चुंबकत्व असलेली. फीत सरकली की हेडसमोरचं चुंबकत्व बदलत जातं, त्या बदलातून बारीकशी वीज तयार होते आणि तीच मोठी करून स्पीकरला दिली जाते. वायरवाल्या कॅसेटमध्ये फितीच्या जागी दुसरं एक हेड बसवलेलं असतं. प्लेअरमधून येणारी वीज त्याच्यातून गेली की त्याचं चुंबकत्व गाण्याबरहुकूम कमी-जास्त होतं. दोन हेडं समोरासमोर येतात. गाडीच्या टेपला वाटतं, समोरून फीत चालली आहे.

आणि कॅसेटच्या पोटात ती दात्यांची चाकं कशाला, असं मी विचारलं. त्याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. फीत संपली की चाकं थांबतात आणि त्यावरून टेपला कळतं की बाजू संपली. मग तो बाजू उलटतो, नाहीतर बंद पडतो. म्हणून ही चाकं एकमेकांत अडकवून नुसती फिरत ठेवायची. म्हणजे बाजू कधी संपतच नाही.

मी त्याचं बोलणं ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, हेच तर आमचं कामही होतं. समोरच्याला जे कळतं त्यातच सांगायचं. टेपला एमपीथ्री कळत नाही म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. त्याला चुंबक कळतो, तर चुंबकातून सांगा. या मुलापर्यंत माझं व्याकरण काही पोचलं नाही, पण ही गोष्ट त्याला कुणी शिकवली नसताना नेमकी कळली होती.

दीड-दोन वर्षांच्या वापरातून जमलेल्या काही गोष्टी नोंदवतो. नवी वायर घालण्याआधी टेपचं हेड कापसाच्या काडीला स्पिरिट लावून हलक्या हाताने पुसून घ्यावं. आमच्या काडीवर चहाच्या चोथ्यासारखा थर निघाला. टेपवर डॉल्बीचं बटण असेल तर ते बंद ठेवावं, नाहीतर आवाज दबतो. प्लेअरचा आवाज पाऊणपर्यंत ठेवून बाकीचं कमी-जास्त गाडीच्या टेपवर करावं. प्लेअर फार मोठा केला तर आवाज फाटतो, फार लहान ठेवला तर टेपची खरखरच मोठी होऊन ऐकू येते. चाकांची टकटक जास्त ऐकू येत असेल तर कॅसेट काढून पुन्हा नीट बसवावी. वायर गिअरच्या दांड्याकडे लोंबू देऊ नये.

ज्यांच्या गाडीला ऑक्स आहे त्यांच्यासाठी एक. प्लेअर गाडीतच चार्जिंगला लावून ऑक्सने जोडला तर कधी कधी सूंऽऽ असा आवाज येतो आणि अॅक्सिलरेटर दाबला की तो चढत जातो. स्पीकर बिघडलेले नसतात. विजेच्या परतीच्या दोन वाटा तयार झाल्याने इंजिनाच्या जनित्राचा आवाज गाण्यात शिरतो. चार्जरची वायर काढून पाहावी. आवाज गेला तर प्लेअर घरूनच चार्ज करून न्यावा.

आता ओव्यांबद्दल. टेप ठेवला तो त्या कॅसेटसाठी, आणि तीच कॅसेट लावायची मला भीती वाटू लागली होती. एकेकदा वाजवताना फीत झिजते, भुकटी थोडी थोडी सुटते, आणि चाकात अडकली तर सगळंच संपलं. त्याच विद्यार्थ्याने ती दुकानातल्या चांगल्या डेकवर एकदाच वाजवून संगणकात उतरवली आणि तिथून प्लेअरमध्ये घातली. पैसे घ्यायला तयार होईना. मी पुस्तक दिलं, ते घेतलं.

त्या शनिवारी येताना हिने स्वतःच बटणं दाबून ती ओवी लावली. वायरवाल्या कॅसेटमधून, त्याच जुन्या टेपच्या हेडमधून. आधी जात्याची घरघर, मग आईंचा श्वास, मग आवाज. मधेच हरभरे सांडतात, कुणीतरी लहान मूल काहीतरी मागतं. ते मूल म्हणजे आमची मुलगी. मी विचारलं, "आवाज बरोबर येतोय ना?" ही म्हणाली, "अहो, गप्प बसा ना जरा."

मी गप्प बसलो. पाचवडला हायवे सोडून वाईच्या रस्त्याला लागलो तरी ओव्या चालूच होत्या. तिची बोटं मांडीवर जात्याच्या फेऱ्याबरोबर गोल गोल फिरत होती.

मूळ कॅसेट आता कपाटात आहे, कोरड्या जागी, डबीत घालून. ती परत लावायची वेळ येऊ नये. मुलगी विचारते, आता तरी टेप बदलायचा का? खरं तर आता तसं कारण राहिलेलं नाही. पण आईने सवयीने कुठलं बटण कुठे आहे ते ओळखलं आहे, गाडीला पाणी-तेल वेळेवर मिळतं आहे, आणि दोघींच्याही तब्येतीला बदल फारसा मानवत नाही. असो. उद्या मंगळवार, सकाळी साताऱ्याला निघायचं आहे. प्लेअर चार्जिंगला लावला आहे.